वेणूचा शब्द: एका किशोर कादंबरीच्या लेखनाचा अनुभव

अद्भुतरम्य किशोर कादंबऱ्यांमध्ये एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. सगळे मार्ग खुंटलेले असतात, शत्रू समोर उभा असतो, आणि नायिका डोळे मिटून, मूठ आवळून मनाशी निश्चय करते. त्या निश्चयाच्या बळावर आतापर्यंत कधीही न दिसलेली शक्ती तिच्यातून प्रकट होते आणि संकट टळते. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला हा प्रसंग आवडतो, त्या वयात मलाही तो आवडत असे. मी स्वतः अशी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मात्र याच प्रसंगाने मला सर्वाधिक काळ अडवून ठेवले. शक्ती जर निश्चयाने येत असेल, तर ती पहिल्या प्रकरणात का आली नाही? आणि ज्या मुलाने जिवाच्या आकांताने निश्चय केला, तरीही ज्याचे काम झाले नाही, त्याला ही गोष्ट काय सांगते? अशी मुले आपल्या घराघरांत आहेत. ‘तुझी इच्छाशक्तीच कमी पडली’ हे वाक्य ती मोठ्यांकडून ऐकतच वाढतात. तेच वाक्य जादूच्या वेष्टनात गुंडाळून त्यांच्या हाती पुन्हा द्यायचे नाही, एवढे मी लिहायला बसण्यापूर्वीच ठरवले होते.

कल्पना मनात बरीच वर्षे घोळत होती, तिला नेट मिळाला तो डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. संमेलनाध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणाने उपस्थित राहू शकले नाहीत, तरी विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाला हा मान मिळाला याचे मला फार अप्रूप वाटले. तिथे पुस्तके चाळत फिरताना लहान मुलांसाठी सुंदर चित्रपुस्तके दिसली, मोठ्यांसाठी तर हवे ते होते. बारा ते सोळा या वयासाठी मूळ मराठीत लिहिलेली अद्भुतकथा मात्र शोधावी लागत होती. या वयाची मुले वाचत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. जाडजूड इंग्रजी मालिका ती आठवड्याभरात संपवतात आणि त्यांतल्या बर्फाळ किल्ल्यांचे नकाशे त्यांना तोंडपाठ असतात. आपल्या गावाच्या पोटातही तितकेच काही दडलेले आहे, हे त्यांना दाखवावे अशी माझी फार इच्छा होती.

नाशिककराला त्यासाठी लांब जावे लागत नाही. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला, जमिनीत बांधलेला, माणसाच्या उंचीहून खोल असा हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बंद केलेला असतो. त्याच्यावरून रिक्षा, हातगाड्या आणि शाळेत जाणारी मुले ये-जा करतात, आणि बाहेरगावच्या माणसाला पायाखाली काय आहे याची शंकाही येत नाही. रंगपंचमीपूर्वी तो उकरून स्वच्छ करतात, त्यात रंगाचे पाणी भरतात, पूजा होते आणि मग धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला, गर्दी लोटते. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा या ठिकाणच्या रहाडींचे रंगही परंपरेने ठरलेले आहेत. वर्षातून एकदाच उघडणारे, सर्वांच्या डोळ्यांदेखत असणारे आणि उडी मारूनच ज्यात जावे लागते असे दार मला कल्पनेने रचता आले नसते; ते गावाने तयार ठेवले होते.

दाराखालचे जगही असेच गावातून मिळाले. रामकुंडाच्या परिसरात अरुणा नदी गोदावरीला गुप्तपणे येऊन मिळते अशी परंपरागत समजूत आहे. शिवाय गेल्या काही दशकांत नदीपात्रात काँक्रीट ओतले गेले, त्याखाली कित्येक जुनी कुंडे झाकली गेली आणि ती मोकळी व्हावीत म्हणून गावातल्या लोकांना न्यायालयापर्यंत जावे लागले. झाकलेल्या कुंडांचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न मनात आला आणि कादंबरीतली ‘तळपेठ’ उभी राहिली: नाशिकच्या खालचे नाशिक, जिथे वर झाकले गेलेले सगळे पाणी आणि वर दिलेले सगळे शब्द साठतात. तिथे दिलेल्या शब्दाला वजन असते. ‘ही भिंत पडणार नाही’ असे कुणी मनापासून म्हटले, तर ती पडत नाही.

कथानक थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गोदेला पूर आला की नाशिकमध्ये पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले यावरून बोलतात. कमरेला लागले, छातीला लागले, असे निरोप घरोघर फिरतात. अशाच एका पुराच्या रात्री, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आलेली असताना, माझ्या नायिकेचा, वेणूचा, पंधरा वर्षांचा भाऊ ‘पाणी आपल्या आळीत शिरणार नाही’ असा शब्द देतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर खरोखरच आळीत पाणी शिरत नाही, कधीच नाही. आळीतल्या मोठ्या माणसांना कारण ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. काही वर्षांनी वेणू त्याला शोधायला रहाडीत उडी घेते.

आता शब्दाच्या शक्तीला नियम हवे होते. अद्भुतकथेत जादू कितीही विलक्षण असली तरी तिची किंमत आणि मर्यादा वाचकाला आधी कळलेली असली पाहिजे, नाहीतर संकटाची भीती उरत नाही. माझी जादू म्हणजे निश्चय होता, म्हणून निश्चयाविषयी माणसांना खरोखर काय कळले आहे ते वाचावे असे मी ठरवले. त्या वाचनात बराच काळ गेला, आणि तो कारणी लागला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन, अशी अट होती. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत दिसले, आणि जगभरच्या पालकांनी त्यातून संयमाचा धडा काढला. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासण्यात आला, तेव्हा घरची परिस्थिती आणि घरातले वातावरण हिशेबात घेतल्यावर तो बराच क्षीण झालेला आढळला. इच्छाशक्ती वापरली की खर्च होते, ही रॉय बॉमायस्टर यांची १९९८ मधली मांडणीही अशीच प्रसिद्ध झाली होती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला, रॉचेस्टर विद्यापीठातला सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छोटा प्रयोग. त्यात अवघी २८ मुले होती. खाऊची परीक्षा घेण्यापूर्वी एका मोठ्या माणसाने मुलांना चित्रे काढण्यासाठी चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘नाहीये आमच्याकडे’ असे सांगण्यात आले. मग खाऊ पुढे आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याबाबतीत तो मोडला होता ती ३ मिनिटे. मुले सारखीच, वयही सारखेच, फक्त समोरच्या मोठ्या माणसाचा शब्द खरा की खोटा एवढाच फरक. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या कादंबरीतल्या आळीची, तिथल्या गप्प बसलेल्या मोठ्या माणसांची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत होती. त्यातूनच तळपेठेचा पहिला नियम आला: ज्याला दिलेला शब्द मोठ्यांनी मोडला आहे, त्याच्या शब्दाला तिथे कमी वजन असते, आणि यात त्याचा स्वतःचा काहीही दोष नसतो.

दुसरा नियम तांबट आळीने दिला. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली आहेत. वेणूचे घर तांबटाचे असावे हे मी आधीच ठरवले होते, पण ते काम जवळून पाहिले नव्हते. ओळखीतून एका वयस्कर कारागिरांच्या कारखान्यात बसायची परवानगी मिळाली. कारखाना म्हणजे एक अंधारी खोली, एका कोपऱ्यात भट्टी आणि भिंतीला लागून निरनिराळ्या आकारांचे हातोडे. ते खरवईवर, म्हणजे ठोकण्यासाठी आधार देणाऱ्या लोखंडावर, तांब्याचे भांडे फिरवत हातोडीने मठारत होते, आणि ठोक्याला ठोका लागून ओळी उमटत होत्या. थोड्या वेळाने थांबून ते म्हणाले, ‘ताई, आवाज ऐका आता.’ सुरुवातीला प्रत्येक ठोक्याचा आवाज बसका येत होता. आता तो टणटणीत झाला होता. ‘कडक झालं हे. आता अजून ठोकलं तर चीर जाईल.’ त्यांनी भांडे सांडशीने उचलून भट्टीत धरले, तांब्यावर आधी रंगांच्या झिळमिळ्या धावल्या, मग ते मंद लाल झाले, आणि त्यांनी ते तसेच पाण्यात सोडले. मोठा चर्र आवाज झाला. बाहेर आले तेव्हा भांडे काळवंडलेले होते, पण पुन्हा ठोका मारताच आवाज पहिल्यासारखा बसका आला. धातू मऊ झाला होता, पुढच्या ठोक्यांसाठी तयार होता.

लाल केलेले पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, हे मला शाळेपासून माहीत होते. तांबे त्याच्या उलट वागते, हे त्या दिवशी कळले. ठोक्याने ते कडक होते आणि ताव दिल्याने, म्हणजे भट्टीत तापवल्याने, मऊ. मग ते पाण्यात गार करा की हवेवर, मऊपणा जात नाही. एका भांड्याला असे किती ताव लागतात, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘भांडं सांगतं. खोल भांड्याला जास्त.’

कारखान्यातून बाहेर पडून सराफ बाजारापर्यंत येईतो तळपेठेचा दुसरा नियम तयार होता. शब्द देणारा माणूस प्रत्येक शब्दागणिक थोडा कडक होतो. आधी बोटांच्या टोकांना तांबूस छटा येते, मग सांधे आखडतात, मग चेहऱ्यावरचे भाव बदलेनासे होतात. असा माणूस बलवान असतो, त्याला धक्का मारून हलवता येत नाही, आणि पाहणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते. पण त्याला पुन्हा मऊ होता आले नाही, तर एका ठोक्याला तो दुभंगतो. वेणूचा भाऊ तळपेठेच्या वेशीवर, पाण्याकडे हात पसरून, पुतळ्यासारखा उभा आहे. त्याने ठोके सोसले, त्याला ताव द्यायला कुणी आले नाही. इच्छाशक्तीविषयी मला जे म्हणायचे होते ते त्या पुतळ्यात सामावले, आणि त्यानंतर उपदेशाचे एकही वाक्य लिहावे लागले नाही.

तिसरा नियम गोदाकाठीच मिळाला. रामकुंडावर कुठलाही विधी सुरू करण्यापूर्वी गुरुजी यजमानाच्या तळहातावर पाणी घालून संकल्प सांगतात. त्यात ‘मी अमुक करीन’ हे अगदी शेवटी येते. त्याआधी देश, नदीचा कोणता तीर, संवत्सर, महिना, तिथी, मग गोत्र आणि नाव, असे सगळे उच्चारावे लागते. आपण कुठे आणि केव्हा उभे आहोत, कोण आहोत, हे सांगितल्याशिवाय काय करणार ते सांगताच येत नाही. लहानपणापासून ऐकलेल्या या मंत्राची ही रचना मला कादंबरीमुळे प्रथमच जाणवली. तळपेठेत शब्द देणाऱ्याने आधी स्वतःचा ठावठिकाणा खरा सांगावा लागतो. तो खोटा सांगितला तर पाणी बोटांतून गळून जाते आणि शब्द लागत नाही. वेणू पहिल्या वेळी ‘मला भीती वाटत नाही’ असे म्हणते, आणि पाणी गळते. बऱ्याच प्रकरणांनंतर ती म्हणते, ‘मी वेणू, गोदावरीच्या दक्षिण तीरावरची, आणि मला फार भीती वाटते आहे,’ तेव्हा ते तळहातावर ठरते. हा प्रसंग मी सर्वांत आनंदाने लिहिला.

प्रत्यक्ष लेखन पहाटे होत असे, नोकरीवर जाण्यापूर्वी. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. रोज थोडे लिहायचे आणि आदल्या दिवशीचे मोठ्याने वाचायचे, एवढाच शिरस्ता. भाषेचा विचार मात्र बारकाईने करावा लागला. अद्भुतकथा म्हटली की मराठी लेखणी आपोआप संस्कृतप्रचुर होते आणि पात्रे पौराणिक नाटकातल्यासारखी बोलू लागतात. माझी नायिका आठवीतून नववीत गेलेली, जुन्या नाशकातली मुलगी. तिची आजी सटाण्याकडची, तिच्या बोलण्यात अहिराणीचा हेल आहे. वडील कमी बोलतात आणि बोलले तर कामापुरते. तळपेठेतली माणसेही मी गावातलीच ठेवली: नावाडी, फुलवाली, पुराच्या पाण्याची खूण करणारा म्हातारा. निवेदन प्रमाण भाषेत, संवाद बोलीत, आणि तळपेठेच्या राखणदाराचे बोलणे तेवढे जुन्या वळणाचे, अशी विभागणी केली. या वयाच्या वाचकाला लेखक आपल्याशी बोलताना आवाज बदलतो आहे की काय, हे फार लवकर कळते, आणि एकदा कळले की तो पुस्तक मिटतो.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो मुलांना वाचून दाखवायचा, हे आधीपासून ठरलेले होते. नाशिकला वाचनालयांची जुनी परंपरा आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापनाच १८४० ची. माझे वाचन त्या मानाने अगदी घरगुती, सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी. आठवी ते दहावीतली मुले-मुली सतरंजीवर बसत, मी एक-दोन प्रकरणे वाचत असे आणि नंतर काही न विचारता थांबत असे. ‘आवडले का’ असे विचारले की मुले शिष्टपणे हो म्हणतात. गप्प राहिले की खरे बोलू लागतात.

एका मुलीचे बोलणे माझ्या वहीत जसेच्या तसे आहे. वेणू रडते तेव्हा तिच्या शब्दाची ताकद ओसरते, असे त्या मसुद्यात होते. ती म्हणाली, ‘काकू, हे असं नसतं. मी रडून घेतलं की उलट मला जमतं. रडू दाबून ठेवलं की हात थरथरतात.’ बाकीच्या मुली लगेच तिच्या बाजूने बोलू लागल्या, आणि आश्चर्य म्हणजे दोन मुलगेही. मला कारखान्यातली भट्टी आठवली. भांड्याला ताव देतात तसा माणसाला ताव कशाने मिळतो, हे मसुद्यात मोघमच राहिले होते. त्या मुलीने ते सांगून टाकले. पुढच्या मसुद्यात वेणूला तीन ठिकाणी ताव मिळतो: एकदा रडण्याने, एकदा आजीच्या मांडीवर झोपल्याने आणि एकदा ‘मला हे एकटीला जमणार नाही’ असे मोठ्याने म्हटल्याने. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने पुस्तक छापण्यापूर्वी ते मुलांसमोर वाचावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

दुसरा प्रश्न एका मुलाचा होता. ‘दादा तिथे उभा आहे, तर त्याचं वय वाढतं का?’ मी तोवर याचा विचार केला नव्हता, आणि त्यावर मुलांचाच अर्धा तास वाद चालला. पुतळा वाढत नाही, असा निकाल लागला. म्हणजे भाऊ पंधराचाच राहिला, आणि वेणू त्याच्यापर्यंत पोहोचते तोवर तिला सोळावे लागलेले असते. ज्याच्या पाठीमागे ती लहानपणभर धावली, तो आता तिच्याहून लहान आहे. मोठे होण्याविषयीची कादंबरी मी लिहीत होते आणि तिचे मर्म माझ्या हातात त्या रविवारी आले. त्यासाठी उत्तरार्ध जवळजवळ नव्याने लिहिला. आधी वेणूला भावासारखे बनायचे होते; आता तिला कळते की ज्याने हा भार उचलला तो केवळ एक मुलगा होता, आणि तो भार त्याने उचलू नये असे त्या रात्री कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवे होते.

शेवटही त्यातूनच बदलला. वेणू भावाचा शब्द मोडत नाही, कारण मोडला तर आळी बुडेल. ती तो वाटून घ्यायला लावते. घरोघर जाऊन ती प्रत्येकाला आपला वाटा उचलायला सांगते. काही जण दार लावून घेतात, काही तोंडदेखले हो म्हणतात, काही खरोखर तळहातावर पाणी घेतात. त्या वर्षी पूर येतो तेव्हा पाणी आळीत शिरते, प्रत्येक दाराच्या पहिल्या पायरीपर्यंत चढते आणि तिथे थांबते. वाचनाला बसलेल्या मुलांपैकी काहींना हा पराभव वाटला. ‘पाणी आलंच शेवटी,’ असे एकजण नाराजीने म्हणाला. मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि शेवट तसाच ठेवला. अख्ख्या आळीचे घर कोरडे राहावे म्हणून एक मूल पाण्यात उभे राहण्यापेक्षा सर्वांच्या पायऱ्या ओल्या होणे मला अधिक न्याय्य वाटते.

प्रकाशनाचा भाग तुलनेने सरळ झाला. काही ठिकाणांहून ‘या वयोगटाला ग्राहक नाही’ अशी उत्तरे आली, मग एका छोट्या प्रकाशनाने हस्तलिखित स्वीकारले. तिथल्या संपादकांनी दोन उपकथानके काढायला सांगितली, त्यांतले एक मी काढले. राखणदाराची लांबलचक पूर्वकथाही गेली आणि गेल्यावर तिची उणीव भासली नाही. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाच्या, हिशेबाने बसवावे लागते, त्यामुळे शेवटच्या फॉर्ममध्ये उरलेल्या पानांवर जुन्या नाशिकचा आणि तळपेठेचा असे एकावर एक येणारे दोन नकाशे घालता आले. चित्रकाराला मी तांबट आळीत घेऊन गेले, कारण तांब्यावर ताव देताना धावणारे रंग छायाचित्रात नीट दिसत नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो प्रकाशकांनी घेतला. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या प्रतीही त्यांनीच पाठवल्या. मुद्रितशोधन मात्र मी स्वतः केले, संवादांतली बोली कुणी ‘शुद्ध’ करून टाकू नये म्हणून.

शेवटच्या प्रुफापर्यंत एका गोष्टीवर संपादकांशी चर्चा चालू होती. पुतळ्याचा पुन्हा मुलगा झाल्यावर वेणूने भावाला काय म्हणून हाक मारावी? संपादकांचे म्हणणे होते की आता ती मोठी आहे, त्याला नावाने हाक मारते असे दाखवले तर तिचे मोठे होणे वाचकाला स्पष्ट कळेल. त्यांच्या म्हणण्यात तर्क होता. पण रविवारच्या मुलांना मी हे विचारले, तेव्हा थोरली भावंडे असलेल्या सगळ्यांनी एकसुरात नकार दिला. वयाने मागे राहिला म्हणून दादा दादा नाहीसा कसा होईल, असे त्यांचे म्हणणे. छापील पुस्तकात वेणू त्याचा हात धरून त्याला रहाडीच्या कडेवर ओढून काढते, अंगावरचा रंग पुसायला स्वतःची ओढणी देते, घरी काय काय बदलले आहे ते वाटेत सांगते, आणि हाक मारताना दादाच म्हणते.